निजामाचं विमान, अमेरिकेचं इंजिन आणि आमचा मावसभाऊ

परवा शनिवारी भल्या सकाळी (म्हणजे माझ्या हिशोबानं भल्या सकाळी, घड्याळात साडेदहा वाजले होते) मावसभावाचा फोन आला.

"दादा, शंभर हॉर्सपॉवर घेऊ का एकशे पंधरा? पटकन सांग."

मला वाटलं हा ट्रॅक्टर घेतोय. आमचं गाव बीड जिल्ह्यात, गेवराई तालुक्यात, गोदाकाठी. तिकडून येणाऱ्या फोनवर हॉर्सपॉवर हा शब्द आला तर तो ट्रॅक्टरसाठी, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीसाठी. पण नाही. साहेब पुण्यात गाड्यांच्या कारखान्यात नोकरी करतात आणि तिघा मित्रांबरोबर दोन सीटचं हलकं किट-विमान बांधायला निघालेत! कागदपत्रं, परवानग्या हे वेगळंच प्रकरण आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. सध्याचा पेच इंजिनाचा होता. एका बाजूला विमानासाठीच बनवलेलं शंभर हॉर्सपॉवरचं रोटॅक्स. दुसऱ्या बाजूला कुणीतरी चारचाकीचं इंजिन गिअरबॉक्स लावून विमानासाठी बदललेलं. माहितीपत्रकात ११५ हॉर्सपॉवर, किंमत बरीच कमी, आणि अट एकच. शुक्रवारपर्यंत ॲडव्हान्स भरायचा.

"आणि पंखा?" मी विचारलं. (प्रोपेलरला आम्ही दोघंही पंखाच म्हणतो.)

"पंखा काय, नंतर बघू. आधी इंजिन तर येऊ दे."

मी सॉफ्टवेअरवाला माणूस. विमानातलं मला एवढंच कळतं की खिडकीची सीट मागावी. पण "आधी ऑर्डर देऊ, बाकी नंतर बघू" हे वाक्य मी ऑफिसात इतक्या वेळा ऐकलंय आणि त्याचे परिणाम रात्री दोन वाजता इतक्या वेळा निस्तरलेत, की माझे कान टवकारले. म्हणलं, शुक्रवारपर्यंत थांब. आणि मग नेहमीप्रमाणे एका गोष्टीतून दुसरी काढत मी जिथे पोचलो, ते ठिकाण होतं १९१८ सालचं फ्रान्स. आणि गंमत म्हणजे तिथे आमचं बीड भेटलं!

*

आधी थोडं शास्त्र. घाबरू नका, सायकलपुरतं आहे.

इंजिन विमानाला ओढत नाही. इंजिन पंखा फिरवतं आणि पंखा विमानाला ओढतो. पंख्याचं पातं म्हणजे गोल फिरणारा विमानाचा पंखच. ही गोष्ट पहिल्यांदा नीट मांडली राईट बंधूंनी. त्यांना वाटलं होतं की जहाजवाल्यांकडे पंख्याचं तयार गणित असेल, तेवढं उचलायचं. पण तसलं गणित कुणाकडेच नव्हतं! मग दोघा भावांनी महिनोन् महिने वाद घालून ते स्वतः काढलं. १९०३ साली त्यांच्या चार्ली टेलर नावाच्या मेकॅनिकनं सुमारे सहा आठवड्यांत बनवलेलं इंजिन जेमतेम १२ हॉर्सपॉवरचं होतं. तेवढ्यावर विमान उडालं, कारण साडेआठ फुटी दोन पंखे सायकलच्या साखळीनं सावकाश फिरवले होते आणि ते इंजिनाच्या ताकदीचा सुमारे पाऊण हिस्सा कामी आणत होते. इंजिन कमजोर, पण जोडी जुळलेली.

जोडी न जुळणं म्हणजे काय? मांजरसुंब्याचा घाट एस.टी.नं टॉप गिअरमध्ये चढायला घेतलात तर काय होईल? इंजिन गुरगुरेल, फेरे पडतील, गाडी रडेल. पंख्याच्या पात्याचा तिरकेपणा, ज्याला पिच म्हणतात, तो म्हणजे हा गिअर. पिच जास्त ठेवलं तर धावपट्टीवर इंजिनाला पुरे फेरे घेता येत नाहीत. आणि ताकद तर फेऱ्यांवर असते. माहितीपत्रकातले शंभर हॉर्सपॉवर ५८०० फेऱ्यांना मिळतात, ४८०० ला नाही. पिच कमी ठेवलं तर उड्डाण झकास, चढाई झकास, पण वर गेल्यावर सपाट उड्डाणात पहिल्या गिअरमध्ये हायवेवर निघाल्यासारखी अवस्था. इंजिन भणभणतंय आणि वेग काही वाढत नाही.

भरीला आणखी एक अडचण. पंखा जितका मोठा आणि सावकाश तितका तो जास्त काम करतो. उलट इंजिन जितकं जोरात फिरेल तितकी त्याची ताकद जास्त. म्हणून रोटॅक्स ९१२ ला गिअरबॉक्स असतो, शंभर हॉर्सपॉवरच्या मॉडेलात २.४३ ला १. म्हणजे इंजिन ५८०० फेरे घेतं तेव्हा पंखा २४०० च्या आसपास फिरतो. पाऊणेदोन मीटरच्या पंख्याचं टोक तेव्हा सेकंदाला सुमारे २२० मीटर वेगानं जातं, आवाजाच्या वेगाच्या बरंच खाली. टोक आवाजाच्या वेगाजवळ गेलं की नुसता आरडाओरडा वाढतो, ओढ घटते.

थोडक्यात काय, तर "इंजिन आधी, पंखा नंतर" हा प्रश्नच चुकीचा. हे लग्न आहे. एकट्या मुलाची पत्रिका बघून मुहूर्त काढता येत नाही.

*

आता फ्रान्स.

१९१७ च्या उन्हाळ्यात जर्मन विमानांनी दिवसाढवळ्या लंडनवर बॉम्ब टाकले. लोक चिडले, सरकार घाबरलं आणि ब्रिटनने ठरवलं की हवाई दलाच्या स्क्वाड्रन जवळजवळ दुप्पट करायच्या. विमानं हवीत, आत्ता हवीत, हजारोंनी हवीत. त्या वेळी डी.एच.४ नावाचं एक उत्तम बॉम्बर होतं. त्यात रोल्स रॉइसचं ईगल इंजिन बसवलं की ते फार छान उडायचं. पण ईगल पुरेशा संख्येनं बनत नव्हतं. मग त्याच विमानात सुधारणा करून डी.एच.९ काढलं. वैमानिक आणि बंदूकवाला आधी एकमेकांपासून लांब बसायचे, मध्ये पेट्रोलची टाकी. आता दोघं जवळ आले. कागदावर सगळं सरस.

आणि इंजिन? सिडली प्यूमा. कागदावर ३०० हॉर्सपॉवर.

तो कागदच घात करून गेला. ॲल्युमिनियमच्या ओतकामात दोष निघाले, इंजिन टिकेना, शेवटी ते २३० हॉर्सपॉवरवर उतरवावं लागलं. म्हणजे जुन्या विमानाची सुधारून काढलेली आवृत्ती जुन्यापेक्षाच मंद! बॉम्ब घेऊन ते १३,००० फुटांच्या आसपास रखडायचं, तिथे शत्रूची लढाऊ विमानं वरून वाटच बघत असायची. फ्रान्समधले सेनापती ट्रेंचर्ड यांनी १९१७ मध्येच विरोध केला होता. उत्तर साधारण असं होतं की ऑर्डर गेलेली आहे, कारखाने लागलेले आहेत, आता हे किंवा काहीच नाही.

(ओळखीचं वाटतंय ना? मला तर त्या मीटिंगमध्ये बसल्यासारखं वाटलं.)

आपल्याकडे अशा निर्णयाचा परिणाम म्हणजे एक वाईट रिलीज आणि चार रविवार वाया. तिथे? मे ते नोव्हेंबर १९१८ या काळात ९९ आणि १०४ क्रमांकाच्या दोनच स्क्वाड्रनची ५४ डी.एच.९ विमानं शत्रूनं पाडली आणि आणखी ९४ अपघातांत निकामी झाली. प्रत्येक विमानात दोन पोरं. बहुतेक विशीतली.

उपाय सापडला तो अमेरिकेत. १९१७ मध्ये अमेरिका युद्धात उतरली तेव्हा जेसी व्हिन्सेंट आणि एल्बर्ट हॉल या दोन इंजिनिअरांना वॉशिंग्टनच्या एका हॉटेलात बसवून सांगण्यात आलं की नवं इंजिन काढा. पाचेक दिवसांत त्यांनी लिबर्टीचा आराखडा तयार केला. त्यांनी नवीन काहीच शोधलं नाही, हे मला सगळ्यात आवडलं. जे जे आधी चाचणीत टिकलंय तेच घ्यायचं, आणि एकच सिलिंडर असा बनवायचा की तो चार, सहा, आठ, बारा अशा कुठल्याही संख्येनं जोडता येईल. मॉड्यूलर डिझाइन, १९१७ साली! बारा सिलिंडरचं, २७ लिटरचं, ४०० हॉर्सपॉवरचं लिबर्टी नंतर वीस हजारांवर बनलं.

वेस्टलँड कंपनीनं त्या इंजिनाभोवती डी.एच.९ पुन्हा आखलं. मोठे पंख, नवा सांगाडा, इंजिनाला साजेसा पंखा. नाव फारसं बदललं नाही. डी.एच.९ए. पण विमान दुसरंच झालं होतं.

आणि हे विमान घेऊन फ्रान्समध्ये उतरलेली पहिली स्क्वाड्रन होती ११० क्रमांकाची. तिचं दुसरं नाव 'हैदराबाद स्क्वाड्रन'. कारण तिची विमानं हैदराबादच्या निजामानं भेट दिलेली होती. विमानांच्या अंगावर तसं लिहिलेलं असायचं, "निजाम यांच्याकडून भेट" अशा अर्थाचं, आणि पुढे हैदराबाद क्रमांक अमुक.

वाचता वाचता मी थांबलो. १९१८ मध्ये बीड कुठे होतं? निजामाच्या राज्यात!

*

आजीच्या ट्रंकेत शेतसाऱ्याच्या जुन्या पावत्या होत्या. उर्दूत, कारण निजामाच्या राज्याचा कारभारच उर्दूत चालायचा. त्या आमच्या घरात कुणालाच वाचता येत नाहीत. पैसे इंग्रजांच्या रुपयात नाही, तर हैदराबादच्या हाली शिक्क्यात. आजी म्हणायची, तिच्या सासऱ्यांनी (म्हणजे माझ्या पणजोबांनी) पाऊस पडो न पडो, सारा कधी चुकवला नाही. लहानपणी मला ते फुशारकीचं वाटायचं. आता कळतं की ती भीती होती.

विमानांचे पैसे निजामानं कुठल्या खिशातून दिले यावर वाद घालण्यात अर्थ नाही. दिवाणी मुलूख असो की निजामाची खासगी सर्फ-ए-खास, दोन्ही खिशांत पैसा मुख्यतः जमिनीतूनच यायचा. आणि मराठवाडा म्हणजे जमीन.

साल बघा. १९१८. त्या वर्षी देशात पावसानं दगा दिला आणि दख्खन होरपळलं. त्याच पावसाळ्याच्या शेवटी इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट आली. देशभरात कोटीभराहून जास्त माणसं गेली. ३१ ऑगस्टच्या सुमारास ती स्क्वाड्रन फ्रान्समध्ये पोचली, १४ सप्टेंबरला पहिल्या हल्ल्याला गेली. इकडे गोदाकाठी तेव्हा आभाळाकडे बघणं चालू असणार. ज्यांच्या साऱ्यातून ही चारशे हॉर्सपॉवरची इंजिनं फ्रान्सच्या आभाळात गुरगुरत होती, त्यांनी तोवर मोटारगाडीसुद्धा क्वचितच पाहिली असेल.

बरं, चांगलं इंजिन मिळालं म्हणून सगळं सुरळीत झालं असंही नाही. युद्ध संपेपर्यंतच्या दोनेक महिन्यांत हैदराबाद स्क्वाड्रननं ४५ विमानं गमावली. १७ शत्रूमुळे, २८ अपघातांत. पुन्हा वाचा. अपघातांत जास्त! नवं जड विमान, कमी सराव, वाईट हवा. इंजिन हा उत्तराचा एक भाग असतो, अख्खं उत्तर नसतं.

त्यांपैकी एक विमान, क्रमांक एफ १०१०, ५ ऑक्टोबर १९१८ ला जर्मनांच्या हद्दीत उतरलं. जर्मनांनी ते ठेवून घेतलं, पुढे ते बर्लिनच्या संग्रहालयात गेलं, दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत पोलंडला पोचलं आणि १९७७ मध्ये ब्रिटनला परत मिळालं. आज ते लंडनच्या हेंडनमधल्या हवाई दलाच्या संग्रहालयात आहे, निजामाच्या नावासकट. कधी गेलात तर बघा. त्यात थोडं बीड पण आहे, तसं कुठे लिहिलेलं नाही एवढंच.

*

ही झाली इंजिनाची गोष्ट. पंख्याची गोष्ट पुढच्या युद्धातली, आणि त्यातही हैदराबाद आहेच.

दुसऱ्या महायुद्धात निजामाच्या देणगीतून आणखी दोन स्क्वाड्रनना नाव मिळालं. १५२ (हैदराबाद) कडे स्पिटफायर आणि २५३ (हैदराबाद स्टेट) कडे हरिकेन. १५२ च्या चिन्हात चक्क निजामाची पगडी आहे आणि ब्रीद 'विश्वासू मित्र', जी पदवी इंग्रजांनी निजामाला पहिल्या युद्धाच्या काळात दिली होती. १९४० च्या उन्हाळ्यात, इंग्लंडवरच्या हवाई लढाईत या दोन्ही स्क्वाड्रन होत्या.

स्पिटफायरचं मर्लिन इंजिन जगात नावाजलेलं. पण सुरुवातीच्या स्पिटफायरला लाकडी, दोन पात्यांचा, न बदलणाऱ्या पिचचा पंखा होता. हजार हॉर्सपॉवरचं इंजिन आणि गिअर एकच! धावपट्टीवर उडायला ४२० यार्ड लागायचे. मग दोन पिचचा पंखा आला, म्हणजे दोन गिअर. ३२० यार्ड. त्यानंतर आला तो कॉन्स्टंट स्पीड पंखा, जो इंजिनाचे फेरे कायम ठेवून पिच आपोआप बदलतो. २२५ यार्ड. इंजिन तेच. विमान तेच. धाव जवळजवळ निम्मी.

जून १९४० मध्ये फ्रान्स पडलं तेव्हा बहुतेक ब्रिटिश लढाऊ विमानांवर अजून दोन गिअरवालाच पंखा होता. डी हॅविलँड कंपनीचे लोक २४ जूनच्या सुमाराला कामाला लागले. विमानतळांवर जाऊन, जागेवरच, रात्रंदिवस पंखे बदलत सुटले. ऑगस्टच्या मध्यापर्यंत १०५१ विमानं बदलून झाली. लढाईचा सगळ्यात कठीण काळ त्याच सुमारास सुरू होत होता. आमच्या भाषेत सांगायचं तर चालू प्रॉडक्शन सर्व्हरवर पॅच टाकले, आणि तेही बॉम्ब पडत असताना.

या लढाईचं श्रेय देताना लोक मर्लिनचं नाव घेतात, रडारचं घेतात. पंख्याचं कुणी घेत नाही. पंखा नंतर बघू, हा स्वभाव जुनाच आहे.

*

आपल्याकडे हे गणित ज्यांना पक्कं ठाऊक होतं असा एक मराठी माणूस म्हणजे डॉ. विष्णू माधव घाटगे. कोल्हापूरकडचे, जर्मनीत ग्योटिंगेनला प्रांटल यांच्या हाताखाली शिकलेले. हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये त्यांनी एच.टी.-२ हे शिकाऊ वैमानिकांचं विमान आखलं. ५ ऑगस्ट १९५१ ला ते पहिल्यांदा उडालं ते जिप्सी मेजर इंजिनावर. दुसरा नमुना १९५२ मध्ये उडाला तो १५५ हॉर्सपॉवरच्या सिरस मेजरवर, आणि पुढची विमानं त्याच इंजिनावर बनली. पाहा, कागदावर भांडत बसले नाहीत, दोन्ही उडवून बघितलं. पुढे बंगळूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेच्या 'हंसा' या दोन सीटच्या विमानानंही इंजिनं बदलत बदलतच रोटॅक्स गाठलं. इंजिन बदलणं ही नामुष्की नाही. न बदलता येईल अशी ऑर्डर देऊन बसणं ही नामुष्की.

गुरुवारी रात्री मी हे सगळं मावसभावाला सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं (हे विशेष) आणि मग तोच गणित करायला बसला. बीडची उंची सुमारे ५१५ मीटर. मे महिन्यात ४० अंश. तेवढ्या तापलेल्या विरळ हवेत विमानाला वाटतं आपण पंधराशे मीटरवर आहोत. म्हणजे शंभर हॉर्सपॉवरचं साधं इंजिन गेवराईच्या उन्हात पंचाऐंशीच्या आसपास. पंख्याची पकड कमी, पंखांची उचल कमी. माहितीपत्रक लिहिणाऱ्यानं मे महिन्यातलं बीड पाहिलेलं नसतं.

शुक्रवारी त्यानं त्या ११५ वाल्यांना तीन प्रश्न विचारले. ही ताकद किती फेऱ्यांना? बेंचवर सलग किती तास चालवून बघितलंय? आणि कुठल्या पंख्याबरोबर? तिसऱ्या प्रश्नावर पलीकडून उत्तर आलं, "पंखा तुम्ही बघा."

ॲडव्हान्स भरला नाही. मित्र थोडे नाराज आहेत, कारण रोटॅक्सचे पैसे जमवायला अजून एक वर्ष जाणार. पंखा जमिनीवर पिच बदलता येईल असा घ्यायचा आणि आधी चढाईच्या बाजूला लावायचा असं ठरलंय. वेग कमी मिळाला तर मिळाला, समोरची बाभळीची झाडं आधी ओलांडली पाहिजेत.

जाता जाता एक. ज्या मुलखानं १९१८ मध्ये फ्रान्सला विमानं पाठवली, त्यातल्या बीड शहरात रेल्वे पोचली ती १७ सप्टेंबर २०२५ ला, मराठवाडा मुक्तिदिनी. मी व्हिडिओत ती गाडी पाहिली. स्टेशनवर म्हातारी माणसं डब्याला हात लावून बघत होती. आजी असती तर तीही गेली असती.

मावसभावाला विचारलं, तुमच्या विमानावर नाव कुणाचं लिहायचं? 'अमुक यांच्याकडून भेट' असं? मी तर म्हणतो पणजोबांचं लिहू, त्यांचा एका विमानाचा हिशोब बाकी आहे.

तो म्हणला, "दादा, आधी उडू तर दे."

बरोबर आहे त्याचं.